व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर तलफ वाढते, कमी होत नाही: एमडी, डोपामिन आणि जनुकांवरच्या खुणा

गोदातीर

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या शिंदे गावातल्या कारखान्यावर छापा घातला, त्या प्रकरणात एकूण दीडशे किलोच्या आसपास मेफेड्रोन सापडलं, आणि नाशिकमध्ये घराघरांत 'एमडी' हे नाव पोचलं. तेव्हापासून चर्चा होते ती पुरवठ्याची, पोलिसांची, कोण अडकलं आणि कोण सुटलं याची. ज्या मुलांच्या अंगात ती पावडर गेली त्यांच्या मेंदूत काय घडलं, यावर मात्र मराठीत फारसं वाचायला मिळत नाही.

मी औषधशास्त्र शिकवते. ओळखीतून, विद्यार्थ्यांच्या घरांतून एकच तक्रार माझ्यापर्यंत पुन्हा पुन्हा येते: "केंद्रात होता तोवर उत्तम होता. अंग धरलं, बोलायला लागला. घरी आणला, पहिले काही आठवडे बरे गेले आणि मग परत सुरू. त्याला सोडायचंच नाही हो." या शेवटच्या वाक्यासाठी हा धागा काढतेय. ते वाक्य चुकीचं आहे, आणि ते चुकीचं का आहे हे आता पेशीच्या पातळीवर बऱ्यापैकी कळलेलं आहे.

आधी डोपामिन. मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूला डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याचे तंतू न्यूक्लियस अक्युम्बन्स नावाच्या भागात आणि पुढे कपाळामागच्या भागापर्यंत जातात. सोडलेलं डोपामिन काम झाल्यावर परत आत ओढून घ्यायला ट्रान्सपोर्टर नावाची प्रथिनं असतात. कोकेन या ट्रान्सपोर्टरला अडवून बसतं. अ‍ॅम्फेटामिन, मेथ (मेथॅम्फेटामिन) आणि मेफेड्रोन त्याच वाटेने पेशीत शिरतात आणि ट्रान्सपोर्टर उलटा चालायला लावतात, त्यामुळे आत यायचं ते डोपामिन बाहेर पडतं. भुकेल्या उंदराला खायला दिलं की त्या भागातलं डोपामिन साधारण दीडपट होतं. अ‍ॅम्फेटामिन दिल्यावर ते मात्रेनुसार दहापटीपर्यंत गेल्याचं १९८८ मध्ये इटलीतल्या डि किआरा आणि इम्पेराटो यांनी मोजलं होतं. मेफेड्रोनचा असर दोन-तीन तासांत ओसरतो, म्हणून एकाच रात्रीत परत परत घेतलं जातं. ही त्याची सगळ्यात वाईट खोड.

डोपामिन म्हणजे आनंद, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खरं नाही. वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की अनपेक्षित फळांचा रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात बोलतात. पण रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळलं की त्या रसाला गप्प राहतात आणि दिव्याला बोलतात. कबूल केलेला रस दिला नाही तर त्यांचं बोलणं नेहमीपेक्षाही खाली जातं. म्हणजे 'अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं' याची ती नोंद आहे, आणि त्या नोंदीतून मेंदू शिकतो. जेवण, कौतुक, नवी गाडी, कशाचीही सवय झाली की नोंद थांबते. उत्तेजक द्रव्य मात्र थेट ट्रान्सपोर्टरवर काम करतं, त्यामुळे प्रत्येक वेळी 'अपेक्षेपेक्षा जास्त' हीच नोंद होते. शिकणं संपतच नाही. १९९३ मध्ये टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज यांनी मांडलं की व्यसनात हवंहवंसं वाटणं वाढत जातं आणि आवडणं वाढत नाही, उलट अनेकदा कमी होतं. "आता मजाही येत नाही, तरी घेतो" असं मुलं सांगतात तेव्हा ती खोटं बोलत नसतात.

आता जनुकं. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरेल. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो. येवल्याच्या मागावर कांडीला रेशीम कसं असतं तसं समजा: सैल गुंडाळलेलं पटकन सुटतं, घट्ट बसलेलं ओढलं तरी येत नाही. हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चिकटला की तिथली गुंडाळी सैल होते आणि तिथलं जनुक वाचलं जातं. काही विशिष्ट जागी मिथाइल गट चिकटले की ती घट्ट होते. जनुकाची अक्षरं तीच राहतात, कुठलं वाचायचं ते बदलतं. याला एपिजेनेटिक्स म्हणतात.

अमेरिकेत एरिक नेस्लर यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की कोकेनने उंदरांच्या मेंदूत नेमकी ही सैल होण्याची क्रिया घडते. एकदा दिल्यावर काही जनुकं तात्पुरती उघडतात. बरेच दिवस दिल्यावर वेगळीच जनुकं उघडतात आणि ती उघडी राहतात. २०१० मध्ये इयान मेझ आणि सहकाऱ्यांना आढळलं की वारंवार कोकेन दिल्याने जी-नाइन-ए नावाचं, गुंडाळी घट्ट ठेवणारं एंझाइम कमी होतं. या सगळ्यात डेल्टा फॉस-बी हे प्रथिन लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच्या जातीची बाकीची प्रथिनं काही तासांत नाहीशी होतात, हे मात्र मोडायला फार वेळ घेतं. दर खेपेला थोडं थोडं साठत जातं आणि शेवटची मात्रा घेतल्यानंतर कित्येक आठवडे पेशीत राहतं. कोकेन घेणाऱ्या माणसांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतही ते वाढलेलं सापडलं आहे.

लघवीची तपासणी काही दिवसांत कोरी येते. घरचे म्हणतात, शरीर साफ झालं. पेशीतली नोंद त्या तपासणीत दिसतच नाही.

आणि मुख्य मुद्दा. २००१ मध्ये यावीन शहम यांच्या गटाने उंदरांना कोकेनची सवय लावली, मग बंद केलं, आणि वेगवेगळ्या मुदतीनंतर ते कोकेनच्या खुणेमागे किती धावतात हे पाहिलं. आपल्याला वाटेल की पहिल्या दिवशी सर्वात जास्त धावतील. झालं उलटं. सुरुवातीला ओढ कमी होती, पुढच्या आठवड्यांत वाढत गेली, दोन महिन्यांनी पहिल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त होती. माणसांतही हाच आकार दिसतो. कोकेन सोडलेल्या लोकांना कोकेनची चित्रं दाखवून मेंदूतल्या लहरी मोजल्या, तर प्रतिसाद पहिल्या काही दिवसांपेक्षा एक ते सहा महिन्यांच्या टप्प्यावर मोठा होता. विशेष म्हणजे तलफ किती वाटते असं विचारल्यावर तेच लोक सांगत होते की ती कमी होतेय. त्यांचं मन प्रामाणिक होतं, मेंदू वेगळं सांगत होता.

म्हणजे आपण मुलाला घरी आणतो ते नेमक्या चढत्या काळात. केंद्रातला काळ हा उपचाराचा सोपा भाग असतो. घरी आल्यानंतरचं वर्ष हाच खरा उपचार, आणि तेव्हाच आपण मिठाई वाटून मोकळे होतो. मला हेच सांगायचं आहे. प्रश्न विचारा, येतं तेवढं सांगेन.

---

पाथर्डी_फाटा

फार नेटकं लिहिलंत ताई. एक शंका. हल्ली तरुण मुलं 'डोपामिन डिटॉक्स' करतात, दिवसभर मोबाइल बंद, गोड बंद. त्याने डोपामिन परत भरून येतं का?

गोदातीर

मोबाइल बंद ठेवल्याने झोप आणि लक्ष सुधारत असेल तर जरूर ठेवावा. पण डोपामिन काही साचलेला मळ नाही की उपास करून निघेल. ते नसेल तर माणसाला हालचालही जमत नाही; पार्किन्सनमध्ये डोपामिनच्याच पेशी मरतात. मोबाइलची सवय आणि मेफेड्रोन यांना एकाच मापाने मोजू नये. ट्रान्सपोर्टर उलटा चालवणं कुठल्याही व्हिडिओला जमत नाही.

---

सातपूरची_आई

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. आज राहवलं नाही.

माझा मुलगा अंबडला कंपनीत लागला होता. रात्रपाळीत जागं राहायला म्हणून कुणीतरी दिलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एका केंद्रात ठेवला, तिथे पहिले दिवस बांधून ठेवायचे हे आम्हाला नंतर कळलं. तो आता घरी आहे. गप्प बसतो. त्याच्या आवडीचं केलं तरी चव नाही म्हणतो. क्रिकेट लावलं तर उठून जातो. त्याचे वडील म्हणतात, नाटकं करतो.

मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. त्याचा मेंदू कायमचा जळला का? आणि पुढे लग्न झालं तर त्याच्या मुलांमध्ये हे उतरेल का? आमच्याकडे पाहुण्यांनी आताच कुजबुज सुरू केली आहे.

गोदातीर

ताई, लिहिलंत ते फार बरं केलं.

नाटक नाही ते. सतत पूर आल्यावर ग्रहण करणाऱ्या पेशी आपली दारं कमी करतात. डी-टू नावाचे ग्राहक घटतात, हे नोरा व्होल्को यांनी कोकेन आणि मेथ घेणाऱ्यांच्या मेंदूच्या पेट स्कॅनमध्ये दाखवलं आहे. मग साधं जेवण, साधा सामना, आईचा आवाज, या सगळ्यांचा संदेश पोचायला कमी पडतो. त्याला खरोखर चव लागत नाही. तो तुमच्यावर रुसलेला नाही.

जळला का? नाही. व्होल्को यांच्याच गटाने २००१ मध्ये मेथ सोडलेल्या लोकांना पुन्हा तपासलं. बारा ते सतरा महिने न घेतल्यावर घटलेले ट्रान्सपोर्टर बऱ्याच अंशी भरून आले होते. तुमच्यापासून लपवत नाही, त्याच लोकांची स्मरणाची आणि हालचालीची चाचणी मात्र तितकी सुधारली नव्हती. काही गोष्टी आधी येतात, काही मागून. पण दिशा सुधारण्याची आहे, आणि तिला एक वर्ष लागतं. पंधरा दिवसांत हसला नाही म्हणून धीर सोडू नका, आणि घरच्यांनाही सोडू देऊ नका.

मुलांचं. याचा उंदरांवर एक प्रयोग आहे आणि त्याचा निकाल सगळ्यांनाच अनपेक्षित होता. २०१३ मध्ये फेअर व्हॅसोलर आणि सहकाऱ्यांनी कोकेन घेतलेल्या नर उंदरांची पिल्लं तपासली. नर पिल्लांना कोकेनची गोडी लागायला उशीर लागत होता. बापाच्या शुक्रपेशीत बीडीएनएफ या जनुकाजवळ अ‍ॅसिटिलच्या खुणा वाढलेल्या होत्या आणि पिल्लांच्या मेंदूतही तेच जनुक जास्त चालू होतं. यातून माणसाच्या मुलांबद्दल चांगलंही सांगता येत नाही आणि वाईटही. पण 'बापाने घेतलं म्हणून पोरगं घेणार' असं विज्ञान म्हणतं, असं कुणी पाहुणा म्हणाला तर त्याला आधार नाही, हे तुम्ही ठामपणे सांगा. व्यसनाकडे कल असण्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो हे जुळ्यांच्या अभ्यासातून माहीत आहे. तो वाटा मात्र तुमच्या मुलाने पावडर घेतल्यामुळे तयार झालेला नाही, तो जन्मापासूनच्या जनुकांचा आहे आणि बहुतेक सगळ्या घरांत थोडाफार असतो.

वकिली_डायरी

सातपूरच्या ताई, कायद्याचं सांगतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे येणारी मानसिक अवस्था धरलेली आहे, आणि रुग्णाला साखळीने बांधायला कलम ९५ ने स्पष्ट बंदी आहे. 'व्यसनी माणसाला असंच वागवावं लागतं' हे त्या केंद्राचं म्हणणं कायद्यात बसत नाही.

दुसरं. बरेच पालक सरकारी दवाखान्यात जायला घाबरतात की पोरावर केस होईल. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला गेली आणि ते पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. मेफेड्रोन २०१५ पासून या कायद्याखाली आहे, त्यामुळे हे त्यालाही लागू.

---

एक_सदस्य

मी घ्यायचो. आता घेत नाही. बाकी ओळख देत नाही.

ताईंनी दोन महिन्यांचं लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, कारण माझं तसंच झालं होतं. केंद्रात मला वाटलं होतं की संपलं. मनापासून वाटलं होतं. घरी आलो आणि कॉलेज रोडवरून जाताना एका चहाच्या टपरीपाशी छाती धडधडायला लागली, हात ओले झाले, तोंडाला ती कडू चव आली. काहीही घेतलेलं नसताना. तिथे मी फक्त पुडी घ्यायला थांबायचो. मला वाटलं मीच नालायक आहे, इतकं सगळं होऊन परत मनात येतंच कसं. त्या लाजेपायी कुणाला सांगितलं नाही आणि त्याच आठवड्यात परत घेतलं.

तेव्हा कुणी सांगितलं असतं की हे होणार आहे, ठरलेल्या वेळी होणार आहे, आणि झालं म्हणजे तू वाईट नाहीस, तर मी त्या टपरीवरून फोन लावला असता.

गोदातीर

तुमचं हे लिहिणं माझ्या सगळ्या पोस्टपेक्षा मोलाचं आहे.

त्या टपरीबद्दल: अ‍ॅना रोझ चिल्ड्रेस यांच्या गटाने २००८ मध्ये कोकेनच्या रुग्णांना कोकेनशी संबंधित चित्रं फक्त ३३ मिलिसेकंद दाखवली. एवढ्या वेळात आपण काय पाहिलं हे जाणिवेत येतच नाही. तरी मेंदूतले भावनांचे आणि ओढीचे भाग पेटले. म्हणजे तुम्हाला टपरी दिसली हे कळायच्या आधी शरीराने उत्तर दिलेलं होतं. तुमचा निर्णय त्यानंतर सुरू होतो. फोन लावायला हवा तो तिथे.

---

देवळाली_कॅम्प

मी थोडं विरुद्ध बोलणार आहे, रागावू नका. माझ्या सख्ख्या भावाने घर विकायला काढलं या पायी. आईचे दागिने गेले. आता डोपामिन, हिस्टोन, जनुकं, सगळं ऐकलं की मला वाटतं त्याला एक नवं कारण मिळालं. 'मेंदूने केलं, मी नाही.' मग जबाबदारी कुणाची?

गोदातीर

रागवायचं काय त्यात. दागिने तुमच्या आईचे गेले.

पण या विज्ञानातून जबाबदारी संपते असं मला दिसत नाही. मधुमेहाच्या माणसाला त्याच्या स्वादुपिंडासाठी कुणी दोष देत नाही, म्हणून तो रोजच्या गोळ्यांतून सुटत नाही. भावाची जबाबदारी आहेच: कुठे जायचं नाही, कुणाचा फोन उचलायचा नाही, कधी दवाखाना गाठायचा. जे कळलंय त्याने फक्त एवढंच बदलतं की 'तलफ येऊच देऊ नकोस' ही मागणी निरर्थक ठरते. ती येणार. ती आल्यावर काय करायचं हे आधी ठरवून ठेवणं त्याच्या हातात आहे, आणि ते त्याने केलं नाही तर जाब विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पैसे त्याच्या हातात देऊ नका, यात क्रूरपणा नाही.

देवळाली_कॅम्प

हे पटलं. तो केंद्रातून आल्यावर आम्ही त्याला लगेच दुकानावर बसवला होता, गल्ल्यावर. आता कळतंय ती वेळ कुठली होती.

---

मालेगावकर

आमच्याकडे एमडीपेक्षा कुत्ता गोळीचा त्रास मोठा आहे. त्यालाही हेच लागू का?

गोदातीर

नाही, आणि हा फरक जिवावरचा आहे. तिकडे कुत्ता गोळी म्हणतात ती अल्प्राझोलम, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांतली. ती मेंदूला मंद करते, तिचं काम गाबा या रसायनाच्या ग्राहकावर चालतं. एमडी अचानक बंद केलं तर माणूस दिवसभर झोपतो, उदास होतो, आत्महत्येचे विचार येऊ शकतात म्हणून लक्ष ठेवावं लागतं. अल्प्राझोलम बरेच दिवस घेऊन अचानक बंद केलं तर फिट येऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. घरात कोंडून 'उतरवायचा' प्रयत्न कृपा करून करू नका. हे मशिदीत, मंडळात, जिथे जमेल तिथे सांगा.

---

चांदवडकर

तुम्ही तंबाखूबद्दल काहीच लिहिलं नाही. एमडी घेणारी मी पाहिलेली सगळी पोरं आधी गुटखा नाहीतर सिगारेटवाली.

गोदातीर

नेमकं बोट ठेवलंत. २०११ मध्ये अमीर लेविन, डेनिस कँडेल आणि एरिक कँडेल यांनी उंदरांना आधी काही दिवस निकोटिन दिलं आणि मग कोकेन. नुसतं कोकेन दिलेल्यांपेक्षा या उंदरांत कोकेनचा परिणाम बराच वाढला. क्रम उलटा केला, आधी कोकेन मग निकोटिन, तर तसं झालं नाही. कारण हिस्टोनवर सापडलं: अ‍ॅसिटिल काढून टाकणाऱ्या एंझाइमांना निकोटिन मंदावतं, त्यामुळे फॉस-बी जनुकाजवळची (वर सांगितलेलं डेल्टा फॉस-बी याच जनुकापासून बनतं) गुंडाळी आधीच सैल झालेली असते. मागून आलेल्या कोकेनला दार उघडं मिळतं.

प्रत्येक तंबाखू खाणारा एमडीकडे जातो असा याचा अर्थ मुळीच नाही. पण गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी असूनही शाळेच्या गेटाबाहेर तो मिळतो, आणि आपण त्याला किरकोळ सवय म्हणतो. चौदा-पंधराव्या वर्षी, कपाळामागचा आवर घालणारा भाग अजून दहा वर्षं घडायचा असताना, ती किरकोळ नसते. एमडीविरुद्ध मोर्चे निघतात तेव्हा या टपऱ्यांकडेही कुणीतरी पाहावं असं मला फार वाटतं.

इंदिरानगर_पालक

मग माझी झोप उडाली. माझ्या मुलीला लक्ष लागत नाही म्हणून डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट दिलंय. तेही उत्तेजकच ना? बंद करू का?

गोदातीर

बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. ते ट्रान्सपोर्टरवरच काम करतं हे खरं. पण गोळी पोटातून हळूहळू मेंदूत पोचते, तासा-दीड तासाने शिखर गाठते. व्यसन लागण्यात डोपामिन किती वाढलं याच्याइतकंच ते किती झपाट्याने वाढलं हे महत्त्वाचं असतं. नाकातून ओढलेल्या पावडरीचा धोका तिथे आहे. आणि २०१३ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा लहानपणी ही औषधं घेतलेल्या मुलांत पुढे व्यसनाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. गोळ्यांची डबी तुमच्या ताब्यात ठेवा, एवढं पुरे.

---

पाथर्डी_फाटा

या खुणा पुसणारं औषध निघेल का कधी?

गोदातीर

प्रयोगशाळेत एका जागेची खूण बदलता येते. २०१४ मध्ये एलिझाबेथ हेलर आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या न्यूक्लियस अक्युम्बन्समध्ये फक्त फॉस-बी जनुकाजवळची खूण मुद्दाम बदलली, आणि कोकेनला मिळणारा प्रतिसाद बदलला. म्हणजे या खुणा नुसत्या मागे उरलेल्या नाहीत, वागणूक त्यांच्यामुळे बदलते. पण त्यासाठी विषाणूतून जनुक थेट मेंदूत सोडावं लागलं. हिस्टोनवर काम करणाऱ्या गोळ्या कर्करोगासाठी आहेत, त्या सगळ्या शरीरातल्या गुंडाळ्यांना हात लावतात. असल्या गोळ्या कुणी व्यसनासाठी विकत असेल तर लांब राहा.

यातला मला सर्वात थक्क करणारा शोध २०२० चा आहे, पुन्हा इयान मेझ यांच्याच गटाचा. डोपामिन पेशीबाहेर जाऊन निरोप देतं एवढंच आपण शिकलो होतो. त्यांना आढळलं की ते पेशीच्या केंद्रकात, थेट हिस्टोनलाच चिकटतं. डोपामिन बनवणाऱ्या पेशींत ही खूण कोकेन बंद केल्यानंतरच्या महिन्याभरात साठत गेली. ती साठू दिली नाही तेव्हा उंदरांचं कोकेनमागे धावणं कमी झालं. तलफ बंद केल्यावर वाढते, याचा एक धागा इथे सापडतो.

मेफेड्रोनवर असे प्रयोग कोकेनच्या मानाने फार थोडे आहेत. वर लिहिलेलं बहुतेक कोकेन आणि मेथवरचं आहे. ट्रान्सपोर्टरचा मार्ग सारखा म्हणून आपण ते इथे वापरतोय.

आज हातात काय आहे? कोकेन किंवा मेथच्या व्यसनासाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेलं एकही औषध नाही. मेथसाठी नॅल्ट्रेक्झोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र देऊन पाहिलं, २०२१ मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांपैकी १३.६ टक्के लोकांना गुण आला, नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्यांत २.५ टक्के. फरक खरा आहे, पण लहान. सर्वात भक्कम पुरावा आहे तो एका साध्या पद्धतीला: तपासणी कोरी आली की लगेच, त्याच दिवशी, लहानसं ठरलेलं बक्षीस. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २०११ पासून हे चालू आहे. लोकांना ते लाच दिल्यासारखं वाटतं. पण ज्या मेंदूला उद्याचं बक्षीस दिसेनासं झालंय, त्याच्याशी आजच्याच बक्षिसाने बोलावं लागतं.

आणि दुसरी गोष्ट सोबत. मार्को व्हेनिरो आणि शहम यांनी २०१८ मध्ये मेथची सवय लागलेल्या उंदरांपुढे दोन कळा ठेवल्या: एकीने मेथ मिळायचं, दुसरीने दुसऱ्या उंदराकडे जायचं दार उघडायचं. जवळजवळ सगळ्यांनी दार उघडलं. इतकंच नाही, रोज सोबत निवडायला मिळालेल्या उंदरांत ती पुढे चढत जाणारी तलफ चढली नाही. सोबत मिळायला उशीर केला किंवा ती निवडली म्हणून शिक्षा दिली, तर मात्र ते मेथकडे वळले.

सातपूरची_आई

हे ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण रात्री जेवताना मुलाच्या शेजारी बसले.

आता खरं सांगा, फोन त्याच्याकडे ठेवू की काढून घेऊ? आणि तो रात्रपाळीला परत बोलावतायत म्हणतो.

एक_सदस्य

काकू, फोन काढून घेऊ नका, नंबर बदला. जुनं सिम त्याच्याच हाताने तोडू द्या. माझ्या आईने फोन लपवला होता, मी शेजाऱ्याचा मागून घेतला. नव्या नंबरात पाच जण हवेत ज्यांना तो कुठल्याही वेळी फोन करेल आणि ते ओरडणार नाहीत. त्यातला एक मी होऊ शकतो, तुम्ही इथे निरोप टाका.

रात्रपाळी नको. मला झोप मोडली की दुसऱ्या दिवशी तलफ दुप्पट यायची.

गोदातीर

दोन्ही बरोबर. कंपनीला डॉक्टरचं पत्र देऊन दिवसपाळी मागा. कारणात फक्त 'वैद्यकीय' लिहिलं तरी चालतं. मानसोपचारतज्ज्ञाची पुढची तारीख दोन महिन्यांनी नको, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला मागून घ्या, निदान पहिले सहा महिने. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. रात्री-अपरात्री उदासी वाढली, मरणाचं बोलायला लागला, तर टेलिमानस १४४१६ वर मराठीत बोलता येतं, दिवसरात्र, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे. दोन्ही नंबर त्याच्या नव्या सिममध्ये पहिल्याच दिवशी टाकून ठेवा, तुमच्या आणि त्याच्या वडिलांच्या फोनमध्येही.